धरायचं कुठं?

बसवनगुडीतला जुना रहिवासी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी घर हलवत नाही. त्या दिवशी दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापाशी कडलेकायी परिषे भरते. परिषे म्हणजे जत्रा, आणि ही जत्रा भुईमुगाच्या शेंगांची. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. ओल्या, वाळलेल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. कर्नाटकातल्या गावागावांतून आणि तमिळनाडूतूनही शेतकरी पोती घेऊन येतात. रस्ता वाहनांना बंद होतो आणि गल्ल्यांमध्येही पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

ज्या घरातली ही गोष्ट, त्या घरच्या मुलाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण सामान हलवणाऱ्या कंपनीची तारीख त्यानं रात्री उशिरा मोबाइलवर ठरवली. त्या वेळी त्याच्या डोक्यात तिथी नव्हती, बिल्डरला किल्ल्या द्यायचा शेवटचा दिवस होता.

घर गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत. मंगळूरी कौलं, लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन, पुढं बसायला जगली आणि रस्त्यावर उतरायला पाच उंच दगडी पायऱ्या. ओट्याला जगली म्हणायचं आणि आजोबांना अज्जा, पण बाकी सगळं बोलणं मराठी, असं हे घर. बेंगळुरूत अशी घरं पुष्कळ आहेत. 1638 साली विजापूरच्या फौजेनं हे शहर घेतलं आणि पुढं ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून इथं मराठी बोललं जातं. 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना ते तीन लाखांना दिलं, तरी मराठी माणसं इथंच राहिली. बसवनगुडी मात्र त्या मानानं नवी. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतली गर्दी मोकळ्या हवेत यावी म्हणून मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या वस्त्या भराभर वाढल्या. या घराण्याचा पाय इथं पडला तो त्यानंतरच.

घरातले सर्वांत मोठे अण्णा. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली. एकेक शब्द जोखून, थांबून थांबून बोलायचे, पण बोलायचे स्वच्छ. डोकं तर पूर्वीसारखंच लख्ख होतं. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचं काम मुलगा करी. त्याची रीत ठरलेली होती. दोन्ही काखांत हात घालायचे, श्वास रोखायचा आणि ओढून उचलायचं. सून पाय धरायची. नातीनं मधली वाट मोकळी ठेवायची. सगळं घाईत, कारण मुलाला इलेक्ट्रॉनिक सिटीची बस गाठायची असे. संध्याकाळी परतला की तो स्वतःची कंबर चोळत बसायचा आणि अण्णा डोळे मिटून पडून राहायचे. कुणी कुणाला काही बोलत नसे.

आदल्या रात्री मुलगा जगलीवर उभा राहून कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत होता. निम्मं इंग्रजी, निम्मं कन्नड. आत अण्णांच्या पलंगापर्यंत ऐकू येत होतं. घरात वडील आहेत, त्यांना हलवणं जरा कंबरसम आहे, तेव्हा गाडी अगदी दाराशी लागली पाहिजे, असं तो सांगत होता.

नात नववीत. ती पलंगाच्या कडेला बसून इंग्रजीचा गृहपाठ करत होती, आणि योगायोग असा की त्या दिवशीच्या पाठात ‘कंबरसम’ हाच शब्द होता. समानार्थी शब्दांमधला फरक सांगा आणि वाक्यं करा. हेवी, बल्की, अनवील्डी, कंबरसम. वर्गातल्या मुलांनी लक्षात ठेवायला सोपी युक्ती काढली होती: ज्यानं कंबर मोडते ते कंबरसम. तिनं वहीत तसंच लिहिलं होतं, ‘फार जड’.

‘अज्जा, बरोबर आहे ना?’

अण्णांनी वही डाव्या हातानं जवळ ओढली. बराच वेळ पाहिली.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘त्याचा अर्थ नुसतं जड असा नाही. जुन्या फ्रेंचमधून आलाय तो. तिथं त्याचा अर्थ अडथळा. वाटेत येतं ते. तुला लोढणं ठाऊक आहे?’

नातीला ठाऊक नव्हतं. बसवनगुडीत गुरं राहिली नव्हती.

‘पळणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. तो फार जड नसतो. पण पाऊल टाकलं की गुडघ्यांवर आपटतो, म्हणून गुराला पळता येत नाही. ते लोढणं. कंबरसम म्हणजे तसं.’ ते थांबले. ‘आणि अनवील्डीतलं वील्ड म्हणजे मुळात राज्य करणं, ताब्यात ठेवणं. तलवार वील्ड करतात. जे हातात धरून मनासारखं वळवता येत नाही, ते अनवील्डी. मापानं मोठं ते बल्की. वजनानं मोठं तेवढं हेवी.’

‘मग जड वस्तू कंबरसम नसते?’

‘असेलच असं नाही. उद्या सामान हलेल. तू दोन याद्या कर. जड काय, ते एकीत. कंबरसम काय, ते दुसरीत. मग बोलू.’

दिवा मालवल्यावर अण्णा जागेच होते. चाळीस वर्षं शब्द शिकवलेल्या माणसाला एखादा शब्द नुसता कानावर पडून चालत नाही, तो त्याची जागा शोधतो. मुलानं ‘जड’ म्हटलं असतं तर त्यांना काही वाटलं नसतं. जड वस्तूला मोलही असतं. पण मुलानं नेमका शब्द वापरला होता. वाटेत येणारं. पावलोपावली गुडघ्यावर आपटणारं. त्यात एकही चूक काढता येत नव्हती, आणि तेच त्यांना लागलं होतं.

सकाळी कंपनीची गाडी नेट्टकल्लप्पा सर्कलच्या पुढं येऊच शकली नाही. पोलिसांनी तिथंच अडवली. तीन पोरं चालत आली, तोंड वाकडं करून कामाला लागली आणि खोकी गल्लीतून गाडीपर्यंत वाहू लागली. नात वही घेऊन जगलीवर बसली.

तिला पहिलं नवल वाटलं ते गॅसच्या सिलिंडरचं. भरलेला सिलिंडर म्हणजे आतला गॅसच 14.2 किलो आणि वर लोखंड, सगळं मिळून तीस किलोंच्या घरात. एका पोरानं वरच्या कड्यात हात घातला, सिलिंडर तिरका केला, बुडाच्या गोल कडेवर फिरवत दारापर्यंत आणला आणि खांद्यावर टाकून निघून गेला. त्याच्या मागून कापसाची डबल गादी निघाली. वजनानं सिलिंडरच्या निम्मीसुद्धा नसेल. पण ती दोघांच्या हातांतून निसटत होती, मधेच पोट सोडत होती, दाराच्या चौकटीत अडकत होती, आणि पुढच्याला पायरी दिसत नव्हती. तिसऱ्या पायरीवर पुढचा पोरगा पडलाच.

नातीनं लिहिलं. जड: सिलिंडर, रगडा, पुस्तकांची खोकी. कंबरसम: गादी, शिडी, मच्छरदाणीचे दांडे.

रगड्याचं तर काय सांगावं. इडली-दोशाचं पीठ वाटायचा तो दगड घरातली सगळ्यांत वजनदार वस्तू. पण तो गोल. आडवा पाडून पहारीनं ढोसत ढोसत नेला आणि गेला.

अडलं ते कपाटावर. सागवानी, सहा फुटी, वर कोरलेली कमान, आत अण्णांची पुस्तकं. पोरांनी खालून हात घातले, पुढं झुकवलं, मागं झुकवलं, आतली पुस्तकं एका बाजूला घरंगळली आणि कपाट भिंतीवर आदळलं. दुसऱ्यांदा कमानीचा एक तुकडा निघाला. तेवढ्यात पोरांच्या मुकादमाचा फोन आला. कपाट आणि माणूस उचलणं आमच्या करारात नाही, बाकीचं सामान आम्ही लांबच्या रस्त्यानं हनुमंतनगरला पोचवतो, असं म्हणून पोरं गेली. मुलगा फोनवर ओरडत राहिला. पलीकडून कुणी ऐकत नव्हतं.

रिकाम्या घरात कपाट, एक हातांची खुर्ची आणि खुर्चीत अण्णा, एवढंच उरलं.

‘याद्या झाल्या?’ अण्णांनी विचारलं.

नातीनं वाचून दाखवल्या.

‘कपाट?’

‘दुसऱ्या यादीत.’

‘बरोबर. आता त्याच यादीत त्याच्या खाली माझं नाव लिही.’

सुनेच्या हातातला झाडू थांबला. मुलगा दारातून आत आला होता. त्याला काल रात्रीचा आपला आवाज आठवला असावा, कारण तो काही न बोलता भिंतीला टेकून उभा राहिला. बोलली ती नात. तिला रडू येत होतं, पण ती अण्णांकडूनच व्याकरण शिकली होती.

‘अज्जा, तुम्हीच म्हणता ना, विशेषण दिसलं की आधी विशेष्य शोधायचं? काल बाबांनी काय म्हटलं? “त्यांना हलवणं कंबरसम आहे.” मग विशेष्य कोणतं? हलवणं! तुम्ही नाही. मी तुमचं नाव लिहिणार नाही. मी “हलवणं” लिहिते.’

आणि तिनं तसं लिहिलं.

माझ्या मते ही गोष्ट इथंच वळते. व्याकरणातला एवढा बारीक फरक घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. थकलेली माणसं उचलणं आणि उचलला जाणारा माणूस यांची गाठ बांधून टाकतात, आणि मग कामाचा वीट माणसाच्या नावावर चढतो. बँकेच्या कामातही या घरी तेच झालं होतं. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. अण्णांचं उजवं बोट मशीनवर नीट टेकेना, म्हणून त्यांना खुर्चीतून दोनदा बँकेत न्यावं लागलं, आणि घरी परतताना मुलगा रागावला तो अण्णांवर. बोजड ती पद्धत होती. पुढं कळलं की चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय मोबाइलवरच होती. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मुलगा बाहेर पडला. जत्रेत पोत्यांची उतराई करणारे हमाल असतात, हे त्याला ठाऊक होतं. कडलेकायीच्या एका मोठ्या ढिगापाशी त्याला एक पिकल्या मिशांचा हमाल दिसला. मुलानं कन्नडमध्ये सुरुवात केली. हमाल आपल्या भाच्याला मराठीत हाक मारत होता, म्हणून मग मराठीत बोलणं झालं. माणूस बीदर जिल्ह्यातल्या भालकीकडचा. एरवी कलासीपाळ्याच्या बाजारात काम करायचा, परिषेच्या दिवसांत इकडं यायचा.

हमाल घरात आला तो आधी कपाटाभोवती फिरला. हात लावला नाही. नुसता फिरला, वाकून बुडाखाली पाहिलं, कमानीवरून बोट फिरवलं. मुलगा म्हणाला, ‘चौघं लागतील ना? फार जड आहे.’

‘जड न्हाई मालक. ह्याला कान न्हाईत.’

‘कान?’

‘कढईला कान असतात की. घागरीला काठ असतोय. शेंगांचं पोतं बगा, त्याची दोन टोकं मुठीत येतात. ह्याला धराया कुठंच काय न्हाई. वजनानं माणूस मोडत न्हाई मालक, धराया जागा नसली की मोडतोय. धरायचं कुठं ते अगुदर बगावं.’

मग त्यानं भराभर सांगितलं. पुस्तकं काढा. फळ्या काढा. दारं बिजागऱ्यांतून वर उचलली की सुटतात, ती सोडवा. उरला सांगाडा. त्याच्याभोवती त्यानं दोरखंडाचे दोन वेढे घेतले आणि चार बाजूंना चार फास ठेवले. ‘झाले कान.’ त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाकला, सांगाडा अंगाशी घेतला आणि भाच्याच्या मदतीनं पायऱ्या उतरून गेला. कपाट दूर धरलं असतं तर तेच वजन कमरेवर कितीतरी पटींनी आलं असतं. शाळेत तरफेच्या धड्यात हे येतं. टेकूपासून ओझं जितकं लांब, तितकी ओढ जास्त. हमालानं धडा वाचला नव्हता, त्याच्या पाठीनं तो शिकला होता.

मग परत येऊन तो अण्णांकडं वळला. मुलगा सवयीनं पुढं झाला, दोन्ही काखांत हात घालायला वाकला. हमालानं त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः अण्णांच्या समोर जमिनीवर उकिडवा बसला, म्हणजे अण्णांना मान वर करावी लागू नये.

‘आजोबा, तुमचा कोन्ता हात चालतोय?’

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. उत्तर यायला वेळ लागला. हमाल बसून राहिला.

‘डावा,’ अण्णा म्हणाले. ‘डावा पायही थोडा. उजव्या खांद्याला धरू नका. तिथं फार दुखतं.’

मुलाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. रोज दोन वेळा, तीन वर्षं, त्याच खांद्यातून तो ओढत आला होता. पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या खांद्याला स्नायूंचा पुरेसा आधार उरत नाही, तो ओढला की सांध्यातून खाली सरकू शकतो आणि वेदना बसून राहू शकते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

‘अण्णा, तुम्ही कधी बोलला नाहीत.’

‘तू कधी थांबला नाहीस, बाळा.’

आवाजात राग नव्हता. दोघंही एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिले होते, आणि त्या गप्प राहण्यानंच दोघांची हाडं दुखत होती.

हमालाची आईही भालकीला चार वर्षं अंथरुणावर होती, असं त्यानं काम करता करता सांगितलं. तिला विचारल्याशिवाय हात लावला की ती दातओठ खायची. ‘तिनंच शिकवलं मला. माणूस काय कपाट न्हाई मालक. कपाटाभोवती आपुन फिरावं लागतंय. माणसाला नुस्तं इचारलं की तोच सांगतोय.’

गाडी येणार नव्हती आणि चाकांची खुर्ची त्या गर्दीतून जाणार नव्हती. हमालानं एका दुकानदाराकडून मांडवाचे दोन लांब बांबू मागून आणले. अण्णांच्या हातांच्या खुर्चीला बैठकीखालून ते दोन्ही बाजूंनी आवळून बांधले. सुनेनं एक जुनी सुती साडी दिली, ती छातीवरून खुर्चीच्या पाठीला गुंडाळली. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवला. डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरायचा, हे अण्णांनी स्वतः ठरवलं. पायऱ्या उतरताना खुर्ची मागं कलती ठेवा, म्हणजे पुढं पडल्यासारखं वाटणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हलण्याबद्दल काही सांगितलं, आणि चार माणसांनी ते ऐकलं. पुढं हमाल आणि भाचा, मागं मुलगा आणि शेजारचे गृहस्थ.

खुर्ची उचलली गेली. मुलाच्या खांद्यावर बांबू टेकला आणि तो चकित झाला. साठ किलोंचा माणूस चार खांद्यांवर पंधरा-पंधरा किलो होता. कंबर सरळ होती. श्वास रोखावा लागला नव्हता.

‘जिवंतपणी खांदा मिळाला,’ अण्णा वरून म्हणाले.

‘अण्णा, भलतंसलतं बोलू नका,’ सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

‘भलतं नाही गं. पुढच्या वेळी मला दिसणार नाही. या वेळी दिसतंय.’

गल्लीतून ते बुल टेंपल रोडवर आले तेव्हा गर्दीनं आपण होऊन वाट दिली. बेंगळुरूच्या माणसांनी देवाची पालखी पाहिलेली आहे, वाट कशी द्यायची ते त्यांना ठाऊक आहे. कुणीतरी भाजक्या शेंगांचा ओंजळभर पुडा अण्णांच्या मांडीवर ठेवला. नात शेंगा सोलून दाणे त्यांच्या डाव्या हातावर देत चालली.

देवळापाशी अण्णांनी थांबायला सांगितलं. आत बसलेला बसवण्णा सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब आहे, एकाच दगडातून कोरलेला. सोळाव्या शतकात बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांनी हे देऊळ बांधलं असं सांगतात. त्याची कथा इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. या टेकडीभोवती शेंगांची शेतं होती. एक बैल रात्री येऊन शेंगा खायचा. चिडलेल्या शेतकऱ्यानं त्याला काठीनं मारलं आणि बैल जागच्या जागी बसून दगड झाला. पण दगड झाल्यावरही वाढत राहिला. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी शिवाची प्रार्थना केली, दगडाच्या माथ्यावर त्रिशूळ रोवला आणि वाढ थांबली. तेव्हापासून शेतकरी वर्षाचा पहिला माल त्याला आणून देतात.

मला या कथेतले शेतकरी फार शहाणे वाटतात. तेवढं धूड हलवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि फोडायलाही ते निघाले नाहीत. त्याला काय हवं आहे हे त्यांना ठाऊक होतं: शेंगा. त्या त्यांनी दरवर्षी मान देऊन नेऊन दिल्या. जो त्यांचं पीक खायचा, त्याच्या पायाशी त्यांचा बाजार उभा राहिला, आणि तो अजून भरतो.

हनुमंतनगरच्या नव्या घरी लिफ्ट होती. खुर्चीचे बांबू खाली सोडले, खुर्ची लिफ्टमधून वर गेली. मुलानं हमालाला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले. त्यानं ठरलेले घेतले, उरलेल्या पैशांत आजोबांना चांगली उशी आणा म्हणाला, आणि उतराईचं काम राहिलंय म्हणून लगबगीनं गेला.

पुढच्या आठवड्यात मुलानं फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलं. तिनं जी रीत शिकवली ती हमालाच्या रीतीपासून फार लांब नव्हती. खुर्ची नेहमी अण्णांच्या चालत्या, डाव्या बाजूला लावायची. चालताना आधार देणाऱ्यानं दुबळ्या बाजूला उभं राहायचं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. कुशीवर वळवायचं तर खाली घातलेल्या दुमडलेल्या चादरीनं, हाताला धरून नाही. प्रत्येक वेळी आधी सांगायचं, आणि तीनपर्यंत मोजायचं, म्हणजे अण्णांनाही स्वतःचा जोर लावता येईल. हा शेवटचा भाग मुलाला सगळ्यांत नवा होता. अण्णांमध्ये जोर आहे हे तो विसरून गेला होता. महिन्याभरात अण्णा एकाच माणसाच्या आधारानं खुर्चीत येऊ लागले आणि मुलाचं कंबर चोळणं थांबलं. सकाळी दहा मिनिटं जास्त लागतात. तो एक बस सोडतो.

नातीची वही शाळेत गेली. कंबरसम या शब्दाचं वाक्य तिनं असं केलं होतं: आम्ही आजोबांना उचलत होतो ती पद्धत कंबरसम होती, म्हणून आम्ही ती बदलली. अण्णांनी ते आधी तपासलं, एक आर्टिकल दुरुस्त केलं आणि खाली डाव्या हातानं बरोबरची खूण केली. ती वाकडी आली, पण शाळेत कुणी तिच्यावर शंका घेतली नाही.

तुमच्या घरी पक्षाघातानं पडलेलं कुणी असेल, तर लुळ्या हाताला किंवा काखेला धरून त्यांना ओढू नका. कुठं दुखतं ते त्यांनाच विचारा, आणि एकदा फिजिओथेरपिस्टला बोलावून उचलण्या-बसवण्याची रीत घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या.